मशीनला वास मारतोय? आधी नाक लावा, मग पावडर

आषाढ लागला की माझा फोन सुरू होतो. "दादा, धुतलेले कपडेच वास मारायलेत की ओ!" बेळगावातलं शहापूर असो, वडगाव असो, नाहीतर तिकडं खानापूर, तक्रार एकच. मी मशीन दुरुस्त करतो, अत्तर विकत नाही. त्यामुळं ड्रममध्ये सुवासिक गोळ्या टाकलेल्या दिसल्या की पहिल्यांदा त्या बाहेर काढायला लावतो. वास झाकून टाकला तर तो येतोय कुठून ते कळणार कसं?

प्लग काढा आणि नाक लावत चला. फ्रंट लोड असेल तर सुरुवात दाराच्या रबरापासून. रबराची घडी बोटानं मागं ओढा. आत केस, दोरे आणि बुळबुळीत काळा थर दिसेल. एक मग पाण्यात दोन-तीन चमचे साधं क्लोरीनचं ब्लीच घाला, हातमोजे घाला, खिडकी उघडा. त्यात भिजवलेलं फडकं घडीत पाव तास दाबून ठेवा, मग साध्या पाण्यानं दोनदा पुसा. रबराच्या तळाला बारीक भोकं असतात, ती मोकळी करा. तिथंच पाणी साचतं. जुने काळे डाग पूर्ण जात नाहीत. वास गेला तर डागांसाठी रबर बदलायचा खर्च करू नका.

आता खालचं झाकण. पाणी गार झालेलं असू दे, समोर पसरट परात ठेवा आणि फिल्टर डावीकडं हळूहळू फिरवा. एकदम काढलात तर फरशीवर तळं होईल. आत काय काय निघतं विचारू नका: पिना, बटणं, नाणी आणि हल्ली शक्ती योजनेच्या, म्हणजे कर्नाटकात बायकांना फुकट एसटी प्रवासासाठी मिळणाऱ्या, शून्य तिकिटांचा लगदा. अक्का लोकांनो, पर्स नाही तरी खिसे तेवढे तपासा! फिल्टर जुन्या ब्रशनं घासून परत घट्ट बसवा. साबणाचा खणही ओढून काढा आणि धुवा, त्याची रिकामी जागासुद्धा पुसा.

इतकं झाल्यावर ड्रम. हीटर असेल तर कपडे न घालता ऑक्सिजन ब्लीच पावडर किंवा ड्रम क्लीनर टाकून ६० ते ९० अंशांवर मशीन चालवा. पावसात लाईटचा भरवसा नाही, सकाळीच उरका. टॉप लोडला हीटर नसेल तर बंबातलं कढत, पण उकळतं नाही, असं पाणी भरा, पावडर घालून थोडं फिरवा, तासभर तसंच ठेवा आणि मग सोडून द्या. जाळीची पिशवीही उलटी करून धुवा. बोअरचं पाणी जड, त्याचा पांढरा थर धरला असेल तर लिंबूफूल वापरा, पण दुसऱ्या दिवशी. क्लोरीनच्या ब्लीचबरोबर लिंबूफूल किंवा व्हिनेगर कधीही नाही. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

एवढं करूनही वास राहिला तर घाण पाणी बाहेर सोडणारा पाइप बघा. कित्येक घरांत तो न्हाणीच्या गटारीत खोल खुपसून वरून चिंध्या कोंबलेल्या असतात. मग गटारीचाच वास ड्रममध्ये चढतो. पाइप बाहेर काढून एखादा दिवस बादलीत सोडा. वास थांबला, तर मशीनचा दोष नाही. पाइपाचं तोंड पाण्याच्या वर राहील असं बसवून घ्या.

वास परत येऊ नये म्हणून माझं भांडण साबणाशी आहे. हातधुण्याची पावडर फ्रंट लोडमध्ये घालू नका. फेस फार होतो, तो नीट निघत नाही आणि गार पाण्यात त्याचाच थर धरतो. कंडिशनरही तसाच चिकटतो. भात लावणीचे चिखलाचे कपडे आधी बाहेर खळबळून मग आत टाका. धुणं झालं की लगेच काढा, रबर पुसा, दार उघडं ठेवा. घरात लहान पोरं असतील तर दार थोडंच उघडं ठेवा आणि खोलीला कडी लावा.

जळका वास मात्र वेगळा. तो बेल्टचा, मोटरचा नाहीतर वायरचा असतो. तिथं पावडर-बिवडर काही नको. मेन स्विच बंद करा, प्लग काढा आणि मेकॅनिकला फोन करा.