नागपुरात राहून किनाऱ्यावरच्या मत्स्यशेतीची जागा ठरवायला शिकताना

समुद्र नाही त्या गावात राहून किनारी कोळंबीशेतीचा अभ्यास कसा होणार, असं म्हणून कुणी नाउमेद करत असेल तर १९९६चा एस. जगन्नाथ खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढून वाचा. कोळंबीच्या तळ्यांनी किनाऱ्याचं काय केलं, हे पाहायला कोर्टानं आपल्या नागपूरच्या नीरीला, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला, पाठवलं होतं. विहिरी खारट झाल्या, कांदळवन तुटलं, भाताची जमीन बिघडली, कोळ्यांची समुद्राकडे जायची वाट अडली. नीरीचं हे सगळं निरीक्षण निकालात सविस्तर आलंय. नवीन मुलांना मी पहिलं वाचन हेच सांगते.

कायदा त्यानंतर. २००५चा किनारी जलकृषी प्राधिकरण कायदा २०२३च्या दुरुस्तीसकटच वाचा, सोबत २०१९ची सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचना. सीनियरच्या जुन्या नोट्सवर इथं भागत नाही. या अधिसूचनेप्रमाणे कांदळवन १,००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर त्याभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा सोडावा लागतो, पण खासगी जमिनीवरच्या कांदळवनाला ही अट नाही. मला हे पटत नाही. भरतीचं पाणी सातबारा बघून आत येत नाही.

खरं शिकणं पाण्यापाशी होतं. आपण विदर्भातली माणसं तळ्याच्या स्थिर पाण्यावर वाढलेली, म्हणून आधी उधाण आणि भांग समजून घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा खाडीतलं पाणी जोरात बदलतं. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, पाण्याची ये-जा मंदावते आणि तळ्यांतून सोडलेली घाण जागच्या जागी रेंगाळते. विरघळलेला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. म्हणून नमुना भांगेच्या ओहोटीला, उजाडायच्या आत घ्यावा. सकाळी अकराला उधाणाच्या भरतीत घेतलेले आकडे छानच येतात. अहवाल हातात आला की मी आधी नमुन्याची तारीख आणि वेळ बघते, निष्कर्ष नंतर.

प्राणवायू मोजायच्या नमुन्याची बाटली पाण्यानं काठोकाठ भरा, बूच लावताना हवेचा बुडबुडा राहू देऊ नका आणि चाचणीची रसायनं तिथंच, नावेत बसूनच घाला. तपकिरी साका बसला तर पाण्यात प्राणवायू आहे. साका पांढराच राहिला तर त्या जागेबद्दल पुढं बोलायची गरज नाही. पावसाळ्यातलं मोजमापही हवंच, कारण कोकणातल्या खाड्यांची क्षारता तेव्हा पार खाली येते. एकाच ऋतूच्या आकड्यांवर जागा पास करणं मला धोक्याचं वाटतं.

नकाशाचं काम नागपुरात बसून उत्तम शिकता येतं. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. भरतीरेषा, कांदळवन, विहिरी, मासे वाळवायच्या जागा, होड्या लावायच्या जागा असे थर एकावर एक टाकत जा. यातले शेवटचे दोन सरकारी नकाशात सहसा मिळत नाहीत, ते गावात विचारूनच भरावे लागतात.

विचारायचं कसं, त्याचा सराव भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या, तलावांवर करा. तिथं मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांच्या संस्थेत जाऊन बसा. तलाव लीजवर कुणाकडे आहे, सिंचनाचं पाणी कधी सुटतं, त्या दिवसांत मासेमारीचं काय होतं, शिंगाडा कुणाचा, हे ऐकून घ्या. वही लगेच उघडू नका. आधी काठावर चालत जा, जाळं कुठं टाकतात ते त्यांनाच दाखवू द्या.