जुन्या विलीज जीपचे इंजिन रोजच्या वापरासाठी

खानापूरहून बेळगावला रोज ये-जा करण्यासाठी मी 1951 ची विलीज सीजे-3ए वापरतो. तिच्या 2.2 लिटर, 60 अश्वशक्तीच्या फ्लॅटहेड इंजिनात व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये (झाकणात) नसून ब्लॉकमध्येच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागात, असल्याने जळालेला वायूही ब्लॉकमधूनच बाहेर पडतो आणि पाणी लवकर तापते. म्हणून ताकदीचा विचार बाजूला ठेवून मी आधी ब्लॉकमधील गाळ काढून घेतला आणि रेडिएटरला नळ्यांच्या जादा ओळींचा नवा कोअर (पाणी थंड करणारा गाभा) बसवला. झिजलेल्या एक्झॉस्ट सीटा (जळालेला वायू सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या बैठका) बदलल्या, 6 व्होल्टची वायरिंग 12 व्होल्टवर नेली आणि पॉइंट्सऐवजी (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या यांत्रिक संपर्कांऐवजी) इलेक्ट्रॉनिक इग्निशन घेतले. हेड घासून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) वाढवण्याचा मेस्त्रींचा आग्रह (तो प्रेमळच होता) मी मानला नाही, कारण या रचनेत हेड फार खाली आणल्यास व्हॉल्व्हवरची जागा आणि हवेची वाट दोन्ही आक्रसतात. चोर्ला घाट चढतानाही आता तापमानाचा काटा मध्यावरच राहतो.