ला लीगाची चौकटवही: आखायची कशी, भरायची कशी

लालबागच्या आमच्या चाळीत रविवारी सकाळी गॅलरीत पोरांचा गलका असतो. कुणी माद्रिदवाला, कुणी बार्सावाला. रात्रीच्या मॅचवरून सुरू झालेलं भांडण अडलं की माझ्या दाराची कडी वाजते. "ताई, वही काढ ना." ला लीगाच्या, म्हणजे स्पेनच्या सर्वोच्च फुटबॉल लीगच्या निकालांची ही वही मी २००७-०८च्या हंगामापासून ठेवते, दर हंगामाला एक. यंदा चार पोरांना स्वतःची वही करायची आहे, म्हणून हे लिहून काढलं.

आधी वही का, ते सांगते. २००७च्या जूनमध्ये मी पतपेढीत नुकती हिशेबाला लागले होते. ला लीगाचा शेवटचा आठवडा होता. त्याच्या आधीच्या शनिवारी रिअल माद्रिदने झारागोझात २-२ बरोबरी केली आणि त्याच वेळी बार्सिलोनावर एस्पान्योलच्या तामुदोने अगदी शेवटी गोल चढवला. तिथेही २-२. दोघांचे ७३ गुण. मी वर्तमानपत्रातला तक्ता घेऊन कोऱ्या कडेला गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) मांडला: बार्सिलोना ४१, माद्रिद २४. दादाला छातीठोक सांगितलं, दोघंही जिंकले तरी कप बार्सिलोनाचाच. दोघंही जिंकले. बार्सिलोनाने ५-१, माद्रिदने पिछाडीवरून मायोर्काला ३-१. ७६-७६ गुण, बार्सिलोनाचा फरक ४५, माद्रिदचा २६, आणि कप माद्रिदला. मला वाटलं छपाईची चूक आहे. नियम कळला तेव्हा जाणवलं की मी बेरीज बरोबर केली होती, पण चुकीच्या रकान्याची. हिशेबाच्या माणसाला ही चूक फार लागते. त्याच आठवड्यात पहिली वही आणली.

आता आखणी. शाळेच्या गणिताची चौकटींची वही घ्या, मोठी. मधलं जोडपान उघडा. डाव्या कडेला वरून खाली वीस संघांची नावं, आणि वरच्या कडेला डावीकडून उजवीकडे तीच वीस नावं, त्याच क्रमाने. आडवी ओळ यजमानाची, उभा रकाना पाहुण्याचा. वीस गुणिले वीस चारशे. संघ स्वतःशी खेळत नाही, म्हणून तिरक्या रेषेतल्या वीस चौकटी काळ्या करा. उरल्या ३८०. एका हंगामात तेवढेच सामने होतात, एकही कमी नाही, जास्त नाही. मे महिन्यात एखादी चौकट रिकामी दिसली तर चूक तुमची आहे.

नावं लिहिताना एक पथ्य. तीन नावं शाईने लिहा: रिअल माद्रिद, बार्सिलोना, अ‍ॅथलेटिक बिल्बाओ. १९२९ साली दहा संघांनी लीग सुरू झाली, तेव्हापासून हे तिघे कधीच खाली घसरलेले नाहीत. बाकी सतरा पेन्सिलने, कारण दरवर्षी तळाचे तीन जातात आणि दुसऱ्या श्रेणीतून तीन येतात. अ‍ॅथलेटिकचं मला विशेष कौतुक आहे. हा क्लब फक्त बास्क प्रदेशाशी नातं असलेलेच खेळाडू घेतो. पोरं म्हणतात तसा हा लीगचा नियम नाही, क्लबने स्वतःवर घालून घेतलेलं बंधन आहे. बाहेरून कुणालाही आणायची मुभा असताना न आणता इतकी वर्षं वर टिकायचं, याला मी विक्रमच म्हणते.

भरायची कशी? सामने शुक्रवारपासून सोमवारपर्यंत पसरलेले असतात. स्पेनची रात्रीची नऊची मॅच आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला लागते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे येतात, हे वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवा. दहा बाय बाराच्या खोलीत आई झोपलेली असताना रोज दीड वाजता उठणं जमत नाही, आणि गरजही नाही. ठरलेल्या मॅच बघा, कानात इअरफोन घालून. बाकीचे निकाल सकाळी भरा. मी चहा उकळेपर्यंत भरते. यजमानाची ओळ, पाहुण्याचा रकाना, चौकटीत ‘२-०’. यजमानाचा आकडा आधी, नेहमी. पुढे ढकललेल्या सामन्याच्या चौकटीत पेन्सिलचा ठिपका द्या, नाहीतर फेब्रुवारीत डोकं धरून बसाल.

ही झाली रोजकीर्द. खतावणी मागच्या पानावर: प्रत्येक संघाचं खातं, त्यात विजय, बरोबरी, पराभव, केलेले गोल, खाल्लेले गोल, गुण. आणि ताळा केल्याशिवाय पान उलटायचं नाही. ताळा सोपा आहे. विजयाला तीन गुण, बरोबरीत दोघांना एकेक. एका फेरीत दहा सामने. सगळे निकाली लागले तर तीस गुण वाटले जातात. बरोबरीत दोनच वाटले जातात, म्हणून जितक्या बरोबऱ्या तितके तीसमधून वजा. तीन बरोबऱ्या झाल्या तर सगळ्या संघांच्या गुणांची बेरीज सत्तावीसनेच वाढली पाहिजे. तसंच वीस संघांनी केलेल्या गोलांची बेरीज आणि खाल्लेल्या गोलांची बेरीज सारखी यायलाच हवी. एका गोलाचा फरक आला तरी मी परत सुरुवातीपासून बघते. पतपेढीत रुपयाचा फरक राहिला तरी कॅश बंद करत नाहीत, मग इथे का सोडायचा?

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती गोष्ट. दोन संघांचे गुण सारखे झाले की ला लीगात आधी एकूण गोलफरक बघत नाहीत. आधी त्या दोघांनी आपसात खेळलेले दोन सामने बघतात. त्यात कुणाचे गुण जास्त? तिथेही सारखे, तर त्या दोन सामन्यांत कुणाचे गोल जास्त? तेही सारखे निघाले तर मग एकूण गोलफरक, आणि त्यानंतर एकूण केलेले गोल. इंग्लंडची लीग बघून आलेली पोरं इथे हमखास आपटतात, कारण तिकडे गोलफरक आधी येतो.

तुमच्या चौकटपानावर ही दोन घरं शोधायला क्षण लागतो. २००६-०७चं पान मी नंतर मागाहून तयार केलं. त्यात माद्रिदच्या ओळीत बार्सिलोनाच्या रकान्यात २-०, आणि बार्सिलोनाच्या ओळीत माद्रिदच्या रकान्यात ३-३. दोन्ही चौकटी काळ्या तिरक्या रेषेच्या दोन बाजूंना, आरशात बघावं तशा समोरासमोर. माद्रिदचे चार गुण, बार्सिलोनाचा एक. त्या ३-३मध्ये एकोणीस वर्षांच्या मेस्सीने तिन्ही गोल केले होते. तरी कप माद्रिदच्या ओळीतल्या २-०ने नेला. दोन चौकटींपुढे अडतीस सामन्यांचा गोलफरक चालला नाही.

१९९३-९४चं पान आणखी हळवं आहे. देपोर्तिवो ला कोरुन्या आणि बार्सिलोना, दोघांचे ५६. देपोर्तिवोने घरी १-० जिंकलं होतं, बार्सिलोनाने घरी ३-०. आपसातले गुण सारखे, म्हणून आपसातले गोल मोजले: ३-१, कप बार्सिलोनाला. शेवटच्या दिवशी व्हॅलेन्सियाविरुद्ध अगदी शेवटच्या मिनिटाला देपोर्तिवोला पेनल्टी मिळाली होती. जुकिचने मारली, गोलकीपरने धरली. तो गोल झाला असता तर चौकटी बघायची वेळच आली नसती. आणि १९८०-८१ला रिअल सोसिएदाद आणि रिअल माद्रिद ४५-४५वर अडले. सोसिएदादने घरी ३-१ जिंकलं, माद्रिदने घरी १-०. मोजा: ३-२. एका गोलावर सोसिएदादचा पहिला कप.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, आपसातला हिशेब दोन्ही चौकटी भरल्यावरच लागू होतो. डिसेंबरात एकच भरलेली असते, तेव्हा एकूण गोलफरकावरच क्रम लागतो. म्हणून ‘आपण त्यांना हरवलंय, आपण वर’ हा युक्तिवाद डिसेंबरात चालत नाही. दोन, तीन संघ सारख्याच गुणांवर आले तर त्या तिघांच्या आपसातल्या सहा चौकटींभोवती पेन्सिलने वर्तुळ काढा आणि तेवढ्याच सहा सामन्यांचा छोटा तक्ता मांडा. खाली घसरण टाळणाऱ्यांत हा प्रसंग येऊ शकतो, आणि तेव्हा मागच्या सप्टेंबरातला, कुणी न बघितलेला १-१ एखाद्या क्लबला वाचवतो किंवा बुडवतो. मला ही पद्धत गोलफरकापेक्षा न्याय्य वाटते. तळाच्या संघाला सहा गोल ठोकण्यापेक्षा बरोबरीच्या माणसाशी तू कसा खेळलास, हे विचारणं बरोबर आहे.

पिवळ्या कार्डांसाठी वेगळं पान हवं. नियम असा की पाच पिवळी कार्डं साठली की एका सामन्याला बाहेर. माझी आजी दुधाचा हिशेब भिंतीवर कोळशाने मांडायची, चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांच्यावरून आडवी. तसंच करा. आडवी रेघ पडली की खेळाडू पुढच्या सामन्यात नाही. गठ्ठा पूर्ण झाला, नवीन गठ्ठा सुरू. एकाच सामन्यात दोन पिवळी मिळून लाल झालं तर ती शिक्षा वेगळी, ती दोन या गठ्ठ्यात धरू नका. ज्याच्या नावापुढे चार उभ्या रेघा आहेत, त्याच्याकडे मॅच बघताना लक्ष ठेवा. तो टॅकल करताना पाय कसा आखडता घेतो ते दिसेल.

जर्सीच्या नंबरांचं पान लहान आहे. मुख्य संघाला १ ते २५, त्यात गोलकीपरला १, १३ किंवा २५. पंचविसाच्या वरचा नंबर म्हणजे पोरगा युवा संघाच्या नोंदणीवर आहे. बार्सिलोनाचा लामिन यमाल २७ घालून खेळला, मग १९ झाला. त्या बदलात एका पोराची बढती वाचता येते.

शेवटची दहा पानं विक्रमांना ठेवा, आणि इथे माझा आग्रह आहे: नुसता आकडा लिहायचा नाही. तीन रकाने करा. आकडा, किती सामन्यांत, आणि कुठल्या नियमाखाली. १९८९-९०ला रिअल माद्रिदचे ६२ गुण होते. पोरगा हसतो, ६२वर कप? पण तेव्हा विजयाला दोनच गुण होते. तीन गुण १९९५-९६पासून आले. ते २६ विजय आणि १० बरोबऱ्या आजच्या भावात लावा, ८८ होतात. १०७ गोल केले होते त्यांनी, आणि तो विक्रम माद्रिदनेच २०११-१२ला १२१ करून मोडला. त्याच हंगामात १०० गुण झाले, पुढच्या हंगामात बार्सिलोनानेही १०० केले. दोघांचेही ३२ विजय, ४ बरोबऱ्या, २ पराभव.

तसंच अपराजित राहण्याचं. अ‍ॅथलेटिक १९२९-३०ला आणि माद्रिद १९३१-३२ला पूर्ण हंगाम हरले नाहीत, पण हंगाम अठरा सामन्यांचा होता. बार्सिलोना २०१७-१८ला सलग ४३ सामने न हरता आली, त्यात आधीच्या हंगामातले सामने धरलेले आहेत, आणि शेवटच्या फेरीच्या आदल्या फेरीत लेव्हान्तेकडून ४-५ हरली. ‘सलग’ आणि ‘एका हंगामात’ हे दोन वेगळे रकाने आहेत, मिसळू नका.

गोलांच्या पानावर तर ‘कुणाच्या नोंदीप्रमाणे’ हेही लिहा. तेल्मो झाराचे १९५०-५१चे ३८ गोल तीस सामन्यांतले, ह्युगो सांचेझने १९८९-९०ला ३८ केले तेव्हा फेऱ्या अडतीस होत्या. मेस्सीचे २०११-१२चे ५० अजून कुणी गाठलेले नाहीत. आणि रोनाल्डोचे २०१०-११चे? ४० की ४१? दोन्ही छापलेलं सापडतं. सोसिएदादविरुद्ध त्याची फ्री किक त्याच्याच संघातल्या पेपेच्या पाठीला लागून आत गेली. रेफरीच्या अहवालात गोल पेपेचा, पण सर्वाधिक गोल करणाऱ्याला ‘पिचिची’ पुरस्कार देणाऱ्या ‘मार्का’ या दैनिकाने तो रोनाल्डोच्या नावावर मांडला. म्हणून त्याचे एकूण ३११ म्हणणाराही बरोबर असतो, ३१२ म्हणणाराही. आमच्या गॅलरीत या एका गोलावर दोन पोरं आठवडाभर बोलत नव्हती. मी दोघांच्या वह्यांत दोन्ही आकडे लिहायला लावले, पुढे कुणाची नोंद तेही.

हंगाम मेअखेर संपतो, पण वही तेव्हाच बंद होत नाही. दुसऱ्या श्रेणीतले पहिले दोन थेट वर येतात. तिसरा संघ तिसरा ते सहावा यांच्या प्लेऑफमधून ठरतो, आणि ते जूनपर्यंत चालतं. तिथे जादा वेळेनंतरही बरोबरी राहिली तर पेनल्टी शूटआउट होत नाही, तक्त्यात वर असलेला पुढे जातो. मोठ्या क्लबचा दुय्यम संघ मात्र कितीही जिंकला तरी मुख्य संघाच्या श्रेणीत येऊ शकत नाही.

म्हणून नवी वही जूनमध्येच घ्यायची. शाळा उघडायच्या दिवसांत भारतमाता सिनेमाजवळच्या स्टेशनरीच्या दुकानांत चौकटींच्या वह्यांचे गठ्ठे बाहेर टेबलावर असतात, वर पावसासाठी प्लास्टिक. दोन घ्या, एक आखताना बिघडतेच. खाकी कव्हर घाला. तिरकी रेषा काळी करा, तीन नावं शाईने लिहा, चौदा पेन्सिलने, आणि खालच्या तीन ओळी प्लेऑफची फायनल होईपर्यंत कोऱ्या ठेवा.