स्पार्कस्टेशन ५ आणि २० ची बंद पडलेली हार्ड डिस्क बदलताना

स्पार्कस्टेशन ५ आणि २० ही सन कंपनीची जुनी वर्कस्टेशन. त्यांच्या डिस्कला दोष देण्याआधी एनव्हीरॅम (वीज गेल्यावरही सेटिंग्ज जपणारी मेमरी) तपासा. यंत्र सुरू केल्यावर आयडीप्रॉम (यंत्राची ओळख साठवणारा भाग) बिघडल्याची सूचना आली आणि मग ते नेटवर्कवर रार्प (नेटवर्कवरून स्वतःचा पत्ता विचारण्याची पद्धत) पॅकेटची वाट पाहत बसले, तर डिस्क धडधाकट असण्याची बरीच शक्यता आहे. सेटिंग्ज जपणाऱ्या एम४८टी०८ चिपच्या पोटातच बॅटरी असते. ती संपली की सेटिंग्ज बिघडतात, आणि ‘डायग-स्विच?’ (निदानाचे सेटिंग) ट्रू झाला असेल तर यंत्र डिस्क सोडून नेटवर्कवरून बूट व्हायला बघते. सनच्या कीबोर्डवर स्टॉप आणि ए एकदम दाबून ओके प्रॉम्प्टवर (यंत्राच्या ओपनबूट फर्मवेअरच्या आज्ञा-ओळीवर) या (सीरियल कन्सोल असेल तर ब्रेक पाठवा) आणि ‘बूट डिस्क’ द्या. सोलारिस (सनची ऑपरेटिंग सिस्टिम) उठले, तर बदलायची आहे ती चिप.

उठले नाही, तर ‘ऑटो-बूट?’ फॉल्स करून ‘रीसेट’ द्या आणि त्यानंतरच ‘प्रोब-स्कझी’ (स्कझी या डिस्क जोडणीवरची उपकरणे शोधणारी आज्ञा) चालवा. अर्धवट बूट थांबवून थेट प्रोब केल्यास यंत्र अडकू शकते. एनव्हीरॅमही गेलेली असेल तर हे सेटिंग वीज बंद होताच पुसले जाते, हे ध्यानात ठेवा. यादीत पहिली डिस्क टार्गेट (स्कझी क्रमांक) ३ वर, दुसरी १ वर आणि सीडी-रॉम ६ वर दिसायला हवा. ७ हा क्रमांक कंट्रोलरचा. क्रमांक डिस्कच्या जागेवरून ठरतो, त्यामुळे डिस्कवर आयडीचे जंपर लावत बसू नका.

डिस्क यादीत नाही आणि फिरल्याचा आवाजही नाही, तर आधी ती काढून कनेक्टर पाहा. पणजी, वास्कोसारख्या किनाऱ्यालगतच्या भागात खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर चढतो. डिस्क आणि बॅकप्लेन (डिस्क जिच्यात बसते ती कनेक्टरची पाटी) दोन्हीकडची टोके ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या, मग पुन्हा प्रोब करा. पावसाळ्यात असे ‘मेलेले’ यंत्र एवढ्यावर उठू शकते. तरीही चाकती फिरत नसेल तर हेड चाकतीला चिकटले असण्याची शक्यता आहे. डिस्क हातात आडवी धरून मनगटाने तिच्या अक्षाभोवती एकदा झटकन फिरवा आणि लगेच वीज द्या. फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना सल्ला मात्र आपल्याकडे विसरून जा. जूनच्या दमट हवेत गार डिस्क बाहेर काढली की तिला घाम फुटतो, आणि मग उरलीसुरली आशाही संपते.

एकदा फिरली की ती बंद करू नका असे म्हणायला हवे, पण प्रत काढायला ती दुसऱ्या पीसीत न्यावीच लागते. म्हणून ती तयारी आधी करून ठेवा: अॅडाप्टेक २९४० सारखे स्कझी कार्ड, ८० पिनी एससीएवरून (वीज आणि डेटा एकत्र नेणारा या डिस्कचा कनेक्टर) कार्डाच्या केबलला जाणारे अॅडाप्टर, केबलच्या टोकाला टर्मिनेटर (सिग्नल उलटून परत येऊ न देणारा तुकडा). एससीए डिस्कवर स्वतःचे टर्मिनेशन नसते. ५० पिनांचे अॅडाप्टर घेत असाल तर ते वरच्या आठ डेटा रेषा टर्मिनेट करणारे हवे, नाहीतर डिस्क कधी दिसते, कधी नाही. लिनक्सवर डीडीरेस्क्यूची (खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम) पहिली फेरी ‘-एन’ पर्यायाने करा, म्हणजे सोपा भाग आधी हाती येतो. खराब जागांवर तीन फेऱ्या त्यानंतर. मॅप फाइल (कुठवर वाचले त्याची नोंद) जपून ठेवा. वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होते. इमेजमधल्या फायली पाहायच्या असतील तर लिनक्स सनची यूएफएस फाइल सिस्टिम वाचते. माउंट करताना ‘यूएफएसटाइप’ सन द्या आणि फक्त वाचण्यापुरते उघडा.

आता नवी डिस्क, म्हणजे खरे तर जुनीच, पण चालणारी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा किंवा भंगारअड्ड्यावरच्या सर्व्हरमधून काढा, ती एससीए आणि एक इंच उंचीची हवी. १.६ इंची डिस्क या यंत्रांत मावत नाही. लेबलवर एलव्हीडी (कमी व्होल्टेजचे डिफरन्शियल सिग्नल) असले तरी चालेल, या यंत्रांच्या सिंगल-एंडेड बसवर ती आपोआप जुळवून घेते. एचव्हीडी (जास्त व्होल्टेजचे डिफरन्शियल) असेल तर हातही लावू नका. यंत्राची बस १० एमबी प्रतिसेकंदाची आहे, त्यामुळे १०,००० आरपीएमच्या डिस्कने वेग फारसा वाढत नाही, उष्णता मात्र वाढते. ७,२०० ची मिळाली तर तीच घ्या.

मोठ्या स्टोरेज कपाटातून निघालेल्या डिस्कचा फसवा प्रकार असतो. तिचे ब्लॉक ५१२ ऐवजी ५२० बाइटचे असतात. प्रोबमध्ये ती व्यवस्थित दिसते, पण सोलारिसला वापरता येत नाही. लिनक्सवर ‘एसजी_फॉरमॅट’ला आकार ५१२ देऊन ती नीट करता येते. हे काम यूपीएसवरच करा. मध्येच वीज गेली तर डिस्क ‘फॉरमॅट बिघडले’ असे सांगत राहते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

एसडी कार्डवाल्या ब्लूस्कझी किंवा झुलूस्कझी या, स्कझी डिस्कचे सोंग घेणाऱ्या पाट्यांचा मोह होईल. स्पार्कस्टेशन २, १० किंवा एसजीआय इंडीसारख्या ५० पिनी यंत्रांना त्या उत्तम. इथे मात्र आत एससीए बॅकप्लेन आहे, आणि बाजारातले नेहमीचे अॅडाप्टर उलट्या दिशेचे, म्हणजे एससीए डिस्क ५० पिनी केबलला जोडणारे असते. त्यापेक्षा अशी पाटी डबीत घालून मागच्या पोर्टला लावा, टर्मिनेशन चालू ठेवा, आयडी २ द्या आणि ‘बूट डिस्क२’ म्हणा.

बसवताना जुन्या डिस्कचा कंस सोडवून नव्या डिस्कला लावा. स्क्रू ६-३२ आट्यांचे लागतात. सीडी-ड्राइव्हचे एम३ स्क्रू जबरदस्तीने पिळले तर आटे जातात.

इमेज एकही खराब जागा न राहता निघाली असेल तर सरळ ती नव्या डिस्कवर डीडी या आज्ञेने जशीच्या तशी उतरवा. सनचे लेबल (विभागणीचा तक्ता) आणि बूटब्लॉक (बूट सुरू करणारा कोड) सुरुवातीच्याच सेक्टरांत असल्यामुळे दोन्ही सोबत येतात. जास्तीची जागा वाया जाते, जाऊ द्या. इमेजला भोके असतील तर सोलारिस ९ (या यंत्रांवर चालणारे शेवटचे) किंवा त्याआधीची सीडी घालून ‘बूट सीडीरॉम -एस’ ने या. ‘फॉरमॅट’मध्ये ऑटो कॉन्फिगर, मग विभागणी: स्लाइस (विभाग) ० रूट, १ स्वॅप, २ म्हणजे अख्खी डिस्क, तिला हात लावायचा नाही. रूट डिस्कच्या सुरुवातीला आणि १ जीबीच्या आत ठेवा. जुन्या ओपनबूटची त्यापलीकडून बूट करताना अडचण होते. लेबल लिहा, ‘न्यूएफएस’ चालवून फाइल सिस्टिम बनवा, वाचलेल्या फायली उतरवा.

एवढे करूनही बूट होत नसेल तर बहुधा ‘इन्स्टॉलबूट’ (बूटब्लॉक लिहिणारी आज्ञा) राहिले असेल. ते रॉ डिव्हाइसवर, म्हणजे ‘आरडीएसके’खालच्या टी३डी० च्या स्लाइस ० वर चालवायचे असते. डिस्क टार्गेट १ च्या जागी लावली असेल तर ‘व्हीएफएसटॅब’मधले (कोणता विभाग कुठे माउंट करायचा त्याची फाइल) सगळे टी३ बदलून टी१ करा आणि पहिले बूट ‘-आर’ (उपकरणे नव्याने ओळखण्याचा पर्याय) लावून घ्या.

पावसाळा सुरू झाल्यापासून गणेश चवथीपर्यंत यंत्र आठवड्यातून तासभर तरी चालू ठेवा. आतल्या उबेने दमटपणा निघून जातो. जुनी डिस्क सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद पिशवीत ठेवा आणि नवीवरून दोन-तीनदा नीट बूट होईपर्यंत भंगारात देऊ नका.