सासरी मारियेचा विषय निघाला तर

मी वसईची, कॅथलिक. सासर नगरचं, प्रोटेस्टंट. लग्नानंतर माझी रोझरी (येशूची आई मारिया हिच्या प्रार्थनेची जपमाळ) पहिल्यांदा दिसली तेव्हा सासऱ्यांनी चष्मा पुसत विचारलं, “हे पवित्र शास्त्रात कुठे आहे?” मी आत जाऊन रडले. आता चहा टाकते आणि दोन्ही बायबलं टेबलावर ठेवते. तुमच्याकडेही अशी सोयरीक झाली असेल तर माझी रीत सांगते.

मारियेच्या आधी बायबलांची अनुक्रमणिका उघडा. आमच्याकडे 73 पुस्तकं, त्यांच्याकडे 66. मक्काबी, तोबित त्यांच्यात नाहीत. खरं भांडण इथलंच आहे. त्यांच्या लेखी शास्त्र हाच शेवटचा निवाडा. आमच्याकडे शास्त्राबरोबर प्रेषितांपासून आलेली परंपरा, आणि अर्थ लावायचा अधिकार चर्चचा. 1546 साली आमच्या ट्रेंटच्या धर्मसभेने शास्त्र आणि परंपरा दोन्हींना सारखाच मान दिला. म्हणून “कुठे लिहिलंय?” एवढं विचारलं की त्यांचं काम होतं, आपलं अर्धंच होतं. हे आधी बोलून टाका, नाहीतर रात्रभर वचनं फेकत बसाल.

मग लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय एकत्र वाचा, मोठ्याने. कुमारीपोटी जन्म दोघांनाही मान्य. ‘देवमाता’ हे नाव 431 मध्ये इफिससच्या धर्मसभेत ठरलं, ते प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरलाही मान्य होतं. मारियेच्या स्तोत्रावर त्याने 1521 मध्ये भाष्य लिहिलं, हे सांगितलं की सासरे जरा सैल बसतात.

पण 28व्या ओवीवर थांबाच, तिथे देवदूत मारियेला नमस्कार करतो. आम्ही लहानपणापासून म्हणतो ‘कृपापूर्णे’. त्यांच्या बायबलात ‘कृपा पावलेल्या स्त्रिये’. मूळ ग्रीक शब्द एकच. आमचा अर्थ लॅटिनमधून आला, त्यांचा सरळ ग्रीकवरून. ती कृपेने भरलेली, की तिच्यावर कृपा झाली? 1854 चा निष्कलंक गर्भधारणेचा सिद्धांत (मारिया स्वतः आईच्या पोटी आली तीच मूळ पापाविना) काही या एका शब्दावर उभा नाही, पण आमचे लोक आधाराला पहिला हाच धरतात.

एका बैठकीत एकच प्रश्न घ्या. 1854 चा सिद्धांत, 1950 चा स्वर्गोन्नयनाचा (मारियेला देहासह स्वर्गात घेतलं) आणि रोझरी एकत्र कालवू नका.

शब्दही जपून. ‘मारियेची पूजा’ म्हणालात तर संपलंच. आमचीही शिकवण आहे की आराधना फक्त देवाची. ‘मध्यस्थी’ हा शब्द तर मी सासरी टाकूनच दिलाय. 1 तीमथ्य 2:5 म्हणतं मध्यस्थ एकच, येशू ख्रिस्त. आपण तोच शब्द वापरला की आपणच कचाट्यात. ‘नमो मारिया’ या आमच्या प्रार्थनेत आहे तेच म्हणा: आमच्यासाठी विनंती कर. यावर सासरे म्हणतात, “जिवंत माणसाला प्रार्थना करायला सांगणं वेगळं, गेलेल्याला वेगळं.” इथे मी अडते. आमच्या मते ती गेलेली नाही, त्यांच्या मते शास्त्रात तशी आज्ञा नाही. विषय इथेच सोडते.

आणखी एक: पहिल्याच वर्षी सासूबाईंना सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेला नेऊ नका. मी नेलं. नवसाला वाहिलेले मेणाचे हात-पाय बघून त्या दादरपर्यंत बोलल्या नाहीत.

शेवटी काना गावचं लग्न काढा, योहान 2. तिथे द्राक्षारस संपतो, आणि मारिया नोकरांना सांगते, येशू सांगेल ते करा. सासरे खूश: “बघ, ती स्वतःच त्याच्याकडे बोट दाखवते.” मी म्हणते, “पण पप्पा, द्राक्षारस संपल्याचं त्याच्या कानावर घातलं कुणी?”

तोवर चहा निवलेला असतो.