शेंगेन व्हिसा: दोन वर्षांची मुदत आणि नव्वद दिवसांचा हिशेब

युरोपात मुलाकडे किंवा मुलीकडे वरचेवर जाणाऱ्या आईवडिलांना पूर्वी बहुधा त्या खेपेपुरताच शेंगेन व्हिसा, म्हणजे आपसांतल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा सामायिक व्हिसा, मिळत असे आणि दर वेळी कागदांची तीच चळत घेऊन अर्ज केंद्र गाठावे लागे. युरोपीय आयोगाने १८ एप्रिल २०२४ रोजी भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी हा नियम सैल केला. मागील तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नियमानुसार वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळू शकतो आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा. मात्र पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक असायला हवी. म्हणून अर्जाआधी पासपोर्टची तारीख पाहावी, जुन्या दोन्ही व्हिसांच्या प्रती जोडाव्यात आणि सोबतच्या पत्रात दीर्घ मुदतीची मागणी स्पष्ट शब्दांत करावी.

बाकी तयारी नेहमीचीच आहे. जिथे मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करावा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो देता येतो. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो आणि ११ जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो आहे.

खरी गफलत होते ती व्हिसा हातात पडल्यावर. दोन वर्षांचा व्हिसा म्हणजे दोन वर्षांचा मुक्काम नव्हे. कोणत्याही दिवशी मागे वळून १८० दिवस मोजले, तर त्यांत शेंगेन देशांतले दिवस ९० पेक्षा जास्त भरता कामा नयेत, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरले जातात.

समजा, आई १ मार्च २०२६ ला जर्मनीत उतरली आणि १४ मे रोजी परतली. मार्चचे ३१, एप्रिलचे ३० आणि मेचे १४ मिळून ७५ दिवस झाले. ती १ ऑगस्टला पुन्हा गेली, तर त्या दिवसापासून मागचे १८० दिवस ३ फेब्रुवारीपर्यंत पोहोचतात, म्हणजे जुने ७५ दिवस सगळे हिशेबात येतात आणि तिला १५ ऑगस्टला निघावेच लागते. तीच आई १३ ऑगस्टला गेली, तर १५ दिवस संपतात त्या २७ ऑगस्टनंतर मार्चमधला एकेक जुना दिवस रोज गळत जातो आणि तिला १० नोव्हेंबरपर्यंत सलग ९० दिवस राहता येते. म्हणून गणपतीला तिकडे असायचे की दिवाळीला इकडे, हे ठरवण्याआधी कॅलेंडर आणि पेन्सिल घेऊन बसावे. आकडेमोड नको असेल, तर युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर दिवस मोजण्याचे साधन आहे.

हा हिशेब आता यंत्राकडे गेला आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन ये-जा नोंदवणारी प्रणाली टप्प्याटप्प्याने सुरू झाली असून पासपोर्टवरच्या शिक्क्यांची जागा ती घेते. पुसट शिक्क्याने दोन दिवस झाकले जातील, ही आशा सोडलेली बरी. शिक्काच नसल्यामुळे आपल्या तारखा आपणच वहीत लिहून ठेवाव्यात आणि बोर्डिंग पास जपावेत.

रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून शेंगेनमध्ये पूर्णपणे सामील झाल्याने तिथले दिवसही या नव्वदात मोजले जातात. आयर्लंडमधले मात्र नाहीत, कारण त्या देशाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.