साताऱ्यात ऐकायला बसण्याआधी

लोकांचं मन स्वस्तात ऐकून घेण्याची, आणि कुणी मागितलंच तर टॅरोचे (चित्रांचे) पत्ते मांडण्याची सेवा साताऱ्यात सुरू करायची असेल, तर खोली तळमजल्यावरचीच बघा, एसटी स्टँडपासून चालत येण्याजोगी. वाई-कोरेगावहून येणाऱ्याला संध्याकाळची गाडी गाठायची असते. उंबऱ्याला फळीचा उतार लावा. दाराबाहेर टेबलफॅन सुरू ठेवला की आतलं बोलणं बाहेर स्पष्ट ऐकू जात नाही. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत कुणी ना कुणी ओळखीचं भेटतंच, म्हणून दोन भेटींमध्ये पंधरा मिनिटं मोकळी सोडा, म्हणजे येणारा आणि जाणारा समोरासमोर येत नाहीत. भेट पाऊण तासाची, दिवसाला फार तर चार. पाचव्या माणसाला तुमचं उरलेलं लक्ष मिळतं, आणि ते त्याला कळतं.

खुर्च्या सारख्या उंचीच्या, काटकोनात. घड्याळ पाहुण्याच्या पाठीमागच्या भिंतीवर.

वहीत एकच प्रश्न असू द्या: कोणत्या नावानं हाक मारू? आडनाव, जात, लिंग यांचे रकाने नकोतच. मराठीत क्रियापदच लिंग सांगून टाकतं. 'आलास' की 'आलीस' हे त्या व्यक्तीकडून कळेपर्यंत 'तुम्ही आलात' म्हणा, आणि 'ताई', 'दादा' थांबवून ठेवा. पहिल्याच वाक्यात चुकीची हाक गेली, तर पुढचा पाऊण तास माणूस सावरण्यातच घालवतो.

दर तीन ठेवा: शून्य, पन्नास, दीडशे. निवड येणाऱ्याची, कारण विचारायचं नाही. पैसे बंद डब्यात. क्यूआर कोड असला तरी रोख आधी सुचवा. घरात फोन एकच असेल तर व्यवहाराची नोंद दुसरं कुणीतरी वाचतं.

गुप्तता कुठे संपते ते बोलणं सुरू होण्याआधी सांगा. जिवाला धोका असेल तर आपण मदत बोलावणार, आणि अठरा वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. हे नंतर सांगितलं तर तो विश्वासघातच वाटतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि तातडीचा ११२ मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते स्वतः जाऊन विचारून या. तुम्ही सोबती आहात, डॉक्टर नाही. गोळ्या बंद करा असं चुकूनही म्हणू नका.

टॅरो शेवटी, आणि मागितला तरच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं हे गाव; २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, दहशत बसवणं हा गुन्हा आहे. 'पत्ते भविष्य सांगत नाहीत, बोलायला निमित्त देतात' हे तोंडी सांगा आणि टेबलावर लिहूनही ठेवा. पत्ते ७८ भरतात का ते मोजा: २२ मुख्य ('मेजर'), ५६ दुय्यम ('मायनर'). मुख्य पत्त्यांतला १३ क्रमांकाचा मृत्यूचा आणि १६ क्रमांकाचा मनोऱ्याचा पत्ता पिसण्याआधीच दाखवून समजावा. भीती नको म्हणून ते काढून ठेवू नका. काढल्याचं कळलं की बाकीच्या पत्त्यांवरचाही भरवसा जातो. तीनच पत्ते मांडा. 'नवरा परत येईल का?' असं कुणी विचारलं तर आधी प्रश्न बदलून घ्या: 'तो येईपर्यंत मला काय लागेल?' आजार, गरोदरपण, कोर्टाचा निकाल यांवर पत्ता उघडायचा नाही. उपाय, खडे, पूजा यांचं तर नावही काढू नका; स्वस्त सेवा तिथूनच महाग होते.

पावसाळ्यात पत्ते दमट होऊन चिकटतात; घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. दार लावण्याआधी ७८ पुन्हा मोजा आणि त्या दिवशी बोलणं ऐकताना काही टिपलं असेल तर त्या चिठ्ठ्या बारीक फाडून टाका.